जाहिरातीत दोन ओळी वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर 'पाळीव प्राणी' हे सदर असतं. मला काही घ्यायचं नसतं, तरी सवयीने मी ते आधी वाचतो. गेल्या रविवारी त्यात जर्मन शेफर्डच्या पिल्लांच्या चार जाहिराती होत्या. चॅम्पियन रक्त, भारदस्त हाड, डबल कोट, लसीकरण पूर्ण, फोटोसाठी संपर्क. चारही दोनदा वाचल्या. पिल्लांच्या आईबापांच्या खुब्यांबद्दल किंवा डीएनए तपासणीबद्दल एकीतही अक्षर नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी याच पानावर माझीही जाहिरात आली होती. 'जर्मन शेफर्ड नर, वय ३, निरोगी, आज्ञाधारक, मेटिंगसाठी उपलब्ध.' त्यातला 'निरोगी' हा शब्द मी कशाच्या जोरावर लिहिला होता, ते सांगायला हे पत्र लिहितो आहे. लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर इतिहासाचा परिच्छेद उडवा, बाकीचं शक्यतो ठेवा.

मी श्वानपथकात एकवीस वर्षं हँडलर होतो. एवढ्या काळात चार कुत्र्यांबरोबर काम केलं. त्यातली तिसरी, तारा, जर्मन शेफर्ड होती. माग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चार वर्षांची असताना एका सकाळी गाडीत चढताना तिने पुढचे दोन पाय मागच्या फळीवर ठेवले आणि तिथेच थांबून माझ्याकडे पाहिलं. रोज एका उडीत आत जाणारी कुत्री ती. मला वाटलं, लाडात आलीय. 'चल गं' म्हणून मी मागून हात दिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत बसलेलाच नव्हता, कडेवर टेकल्यासारखा होता, आणि उखळी म्हणावी तर ती बशीइतकी उथळ. पाचव्या वर्षी तारा सेवेतून बाहेर पडली. नाक शाबूत, डोकं शाबूत, अंगात काम करायची खुमखुमी तशीच, फक्त मागचं धड साथ देईना. तिला शिकवून तयार करायला लागलेले दिवस आणि तिने प्रत्यक्ष काम केलेले दिवस यांचा हिशेब मी पुढे कधी मांडला नाही. मांडवला नाही.

म्हणजे खुब्याचा सांधा म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तरीही निवृत्तीनंतर स्वतःसाठी बादल घेतला, तेव्हा मी त्याच्या आईबापांचे एक्स-रे मागितले नाहीत. कागदपत्रं पाहिली. आजोबांच्या नावापुढे किताब होते. पिल्लू गुबगुबीत होतं, दोन महिन्यांचं असताना माझ्या बुटाच्या नाडीला लोंबकळत घरभर फिरत होतं. एकवीस वर्षांचा अनुभव त्या नाडीपाशी संपला.

बादल मोठा झाला तो देखणाच. तीन वर्षांचा असताना लोक रस्त्यात थांबून विचारायचे, जोडी लावणार का? मलाही मनातून ते हवंच होतं. जाहिरात दिली. तिसऱ्या ते पाचव्या वर्षात तीन माद्या आल्या, तीन वेतं झाली. सात, आठ आणि चार, एकूण एकोणीस पिल्लं. एकाही मादीची तपासणी झालेली नव्हती आणि बादलचीही नाही. माद्यांच्या मालकांनी मला काही विचारलं नाही, मी त्यांना काही विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी फक्त 'दिसायला छान आहे हो' एवढंच. एका वहीत मात्र मी एकोणीसही पिल्लं कुणाकडे गेली ते लिहून ठेवलं होतं. पथकातली नोंदवहीची सवय. पुढे तीच वही उपयोगी आली.

बादल साडेआठ वर्षांचा असताना आमच्या सौंच्या कानाला एक आवाज लागला. 'अहो, हा चपला फरफटवल्यासारखा चालतोय, ऐका जरा.' मी ऐकलं. फरशीवर चार पायांची टकटक असायची, तिच्यात आता मधूनच एक खर्रकन ओरखडा येत होता. उजव्या मागच्या पायाचा. पाय उचलून पाहिला तर मधल्या दोन बोटांची नखं पुढून घासून सपाट झाली होती, एकाच्या मुळाशी रक्त साकळलेलं. पंजाच्या वरच्या बाजूचे केसही गेले होते. कुत्रा पंजाच्या वरच्या बाजूने कशाला चालेल, हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडायला हवा होता.

सुरुवातीला औषध झालं ते सांधेदुखीचं. वय झालंय, मोठा कुत्रा आहे, खुबे असणार, असं सगळ्यांनीच धरलं. मीही, ताराच्या आठवणीने. सहा आठवडे वेदनाशामक गोळ्या दिल्या, काही फरक नाही. एक्स-रे काढला तर खुबे बऱ्यापैकी चांगले निघाले. आणि एक गोष्ट जुळत नव्हती. बादलला दुखतच नव्हतं. ताराचा खुबा हलवला की ती मान वळवून बघायची. याचा पाय कसाही फिरवा, हा मजेत.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी साधी गोष्ट केली. बादलला उभं केलं, पोटाखाली हात देऊन त्याचं वजन सावरलं आणि मागचा एक पंजा दुमडून उलटा जमिनीवर टेकवला, म्हणजे पंजाची पाठ खाली. धड असलेला कुत्रा पाय तत्क्षणी सरळ करतो. तुम्ही हात काढायच्या आत. बादल तसाच उभा राहिला. शेपूट हलवत, उलट्या पंजावर. आपला पाय कुठे आहे हे त्याला कळतच नव्हतं. मी मनात दहापर्यंत आकडे मोजले. डॉक्टरांनीच शेवटी पंजा सरळ केला.

या आजाराला डीजनरेटिव्ह मायलोपथी म्हणतात, थोडक्यात डीएम. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू हळूहळू झिजत जातो. मेंदूचा निरोप मागच्या पायांपर्यंत पोचत नाही आणि पायांचा मेंदूपर्यंत. जर्मन शेफर्डमध्ये तो १९७३ सालीच नोंदला गेला होता, पण कारण कळायला २००९ साल उजाडलं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना एसओडी-१ नावाच्या जनुकातला दोष सापडला. माणसांमध्ये एएलएस हा स्नायू लुळे पाडत जाणारा भयंकर आजार होतो, त्याच्या काही घराण्यांमध्ये याच जनुकात बिघाड असल्याचं १९९३ पासून माहीत होतं. कुत्र्याचा आजार त्याचाच भाऊबंद निघाला.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. डीएममध्ये दोन्ही प्रती सदोष असतील तर कुत्र्याला धोका. एकच असेल तर तो वाहक, बहुधा स्वतः ठणठणीत, पण निम्म्या पिल्लांना तो दोष देणार. दोन्ही प्रती सदोष असूनही काही कुत्रे आजारी न पडता म्हातारे होतात, हेही खरं. त्यामुळे जनुकाची ही डीएनए तपासणी भविष्य सांगत नाही, धोका सांगते. आणि आजार डोकं वर काढतो तो साधारण आठव्या वर्षानंतर. म्हणजे नराने जी काही पिल्लं घालायची ती घालून झालेली असतात. या आजाराची सगळी मेख या एका गोष्टीत आहे. तीन वर्षांच्या बादलला जगातल्या कुठल्याही परीक्षकाने तपासलं असतं तरी त्याने 'निरोगी'च म्हटलं असतं. विचारायला हवं होतं ते डीएनएच्या नमुन्यासाठी गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या काडीला.

ती काडी आम्ही साडेआठव्या वर्षी फिरवली. उत्तर आलं: दोन्ही प्रती सदोष.

पुढचं सगळं लिहीत नाही. या आजारावर औषध नाही. व्यायामाने मात्र दिवस वाढतात. बावीस कुत्र्यांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात रोज नेटाने व्यायाम करून घेतलेले कुत्रे सरासरी २५५ दिवस जगले आणि काहीच न केलेले ५५ दिवस. हा आकडा मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. रोज तीन वेळा पाय हलवणं, पोटाखालून जुना टॉवेल घालून मागचं धड उचलून फिरवणं, पंजांना मोजे, मग चाकांची गाडी. गाडी आली त्या दिवशी बादल अंगणात इतका सुसाट सुटला की वळणावर गाडीसकट आडवा झाला आणि तसाच पडल्या पडल्या भुंकत राहिला. हसावं की काय करावं. पावणेदहाव्या वर्षी पुढचे पायही जायला लागले तेव्हा आम्ही त्याला जाऊ दिलं. डीएमची पक्की खात्री मृत्यूनंतर मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते. आम्ही परवानगी दिली. निदान तेच निघालं.

त्याआधी, काडीचा अहवाल आला त्याच आठवड्यात, मी वही काढली होती. बादलच्या दोन्ही प्रती सदोष, म्हणजे एकोणीसच्या एकोणीस पिल्लांना त्याने एकेक सदोष प्रत दिलेली. यात शंकेला जागाच नाही, हे साधं गणित आहे. प्रश्न फक्त आयांचा. फोन करत सुटलो. काही नंबर बदललेले, दोन पिल्लं अपघाताने गेलेली, एकाच्या मालकाने फोनच ठेवून दिला. अकरा जणांनी तपासणी केली. सात पिल्लांत एक प्रत, चार पिल्लांत दोन्ही. ती चारही आठ पिल्लांच्या दुसऱ्या वेतातली. म्हणजे ती मादी वाहक होती आणि तिच्या मालकाला, माझ्याइतकंच, काही ठाऊक नव्हतं.

फोनवर काय काय ऐकलं ते लिहायला हवं. एका बाईंनी शांतपणे विचारलं, 'काका, आता सांगून काय उपयोग?' त्यांच्या कुत्रीच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. मी म्हटलं, नखांकडे लक्ष ठेवा, वजन वाढू देऊ नका. एवढंच सांगण्यासारखं होतं. एकाने चांगलं खडसावलं, आणि त्याचं बरोबर होतं. पण तिसऱ्या वेतातल्या एका कुत्रीचे मालक म्हणाले, 'बरं झालं फोन केलात, पुढच्या खेपेला हीटवर आली की मेटिंग ठरलंय.' तिला एक सदोष प्रत होती. त्यांनी ठरलेल्या नराची तपासणी करायला लावली, तोही वाहक निघाला. तो बदलून निर्दोष नर पाहिला. पुढे झालेल्या पिल्लांपैकी एकालाही दोन सदोष प्रती असणं शक्य नाही. माझ्या एका फोनचा मला दिसलेला उपयोग एवढा.

पहिल्या वेताची पिल्लं यंदा आठ वर्षांची झाली. तपासलेल्या तिघांना एकेकच प्रत आहे. न तपासलेल्या चौघांचं मला माहीत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तपासणीचं नाव काढलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. वाहक निघाला की त्याला वंशातून बादच करायचं, असं नाही. निर्दोष जोडीदार दिला तर वाहकाच्या पिल्लांना डीएमचा धोका राहत नाही, आणि त्याचे चांगले गुण पुढे जातात. सगळेच वाहक एका दमात काढून टाकले तर उरलेल्या मूठभर कुत्र्यांचीच आपसात पैदास होते आणि आज ज्याची कुणाला कल्पना नाही असा दुसराच दोष वर येतो. बंद घराण्यातल्या पैदाशीचं हेच दुखणं आहे.

आणि जर्मन शेफर्ड हे घराणं सुरुवातीपासून जवळपास बंदच होतं. (इतिहासाचा परिच्छेद तो हा.) माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने एप्रिल १८९९ मध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात हेक्टर नावाचा मेंढपाळी कुत्रा पाहिला, विकत घेतला, त्याचं नाव होरांट फॉन ग्राफराट ठेवलं आणि वंशावळीच्या वहीत त्याला क्रमांक १ दिला. पुढची पैदास त्याच्या, त्याच्या भावाच्या आणि त्याच्या मुलांच्या भोवती फिरत राहिली. गुण पक्के करायचे तर नात्यात जोड्या लावाव्या लागतात, ही त्या काळची रीत होती, पण गुणांबरोबर दोषही पक्के होतात. तरी श्टेफानित्सला एक गोष्ट स्वच्छ कळत होती: हा कामाचा कुत्रा आहे, रूप नंतर. १९२५ साली जातीचे कुत्रे फार उंच आणि चौकोनी व्हायला लागल्याचं पाहून त्याने क्लोडो फॉन बॉक्सबेर्ग या जरा बुटक्या, लांबट नराला पहिला मान दिला. सगळ्यांनी तसेच कुत्रे काढायला घेतले. एका माणसाची एका दिवसाची निवड जातीचा आकार कशी बदलू शकते ते पाहा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन हे नावच नकोसं झालं म्हणून ब्रिटनमध्ये त्यांना 'अल्सेशियन' म्हणू लागले, आमच्या वयाच्या लोकांच्या तोंडात अजून तेच आहे. नाव बदलून रक्त बदलत नाही.

आता उतरत्या पाठीबद्दल, कारण हा विषय निघाला की सगळे तिथेच बोट ठेवतात. २०१६ साली ब्रिटनमधल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात जातीत पहिल्या आलेल्या कुत्रीची चाल पाहून लोक संतापले होते. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. मागचं धड जमिनीला लागेल इतकं उतरलेला कुत्रा भिंत चढणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रदर्शनात कुत्र्याचा एक मागचा पाय ताणून मागे ठेवतात, त्या पवित्र्यात कुठलाही शेफर्ड आहे त्यापेक्षा जास्त उतरता दिसतो. आणि सरळ पाठीचा म्हणजे चांगल्या खुब्याचा, असंही नाही. ताराची पाठ टेबलासारखी सपाट होती. डोळ्यांना पाठ दिसते, उखळी दिसत नाही.

उखळी दिसण्यासाठी फिल्म लागते, आणि ती नीट काढलेली लागते. कुत्र्याला गुंगी देऊन उताणं झोपवतात, मागचे दोन्ही पाय सरळ ताणून समांतर धरतात, गुडघे किंचित आत वळवतात. पायाला जरा तिरका कोन आला की चांगला खुबा वाईट दिसतो आणि वाईट चांगला. 'आमच्या कुत्र्याचा एक्स-रे झालाय' असं सांगणाऱ्याला कोणत्या वयात आणि कुणी श्रेणी दिली हे विचारावं. कुत्र्यांमध्ये खुब्याचा हा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेझिया, १९३५ साली पहिल्यांदा नोंदला गेला. १९६६ साली अमेरिकेत ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही नोंदणी सुरू झाली, तिथे पक्की श्रेणी दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात. युरोपात ए पासून ई पर्यंत श्रेणी आहेत, ए सगळ्यात चांगली. ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांचे मिळून ० ते १०६ गुण देतात आणि तिथे शून्य म्हणजे उत्तम. शाळेतल्या गुणांची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो.

खुब्याचा दोष डीएमसारखा एका जनुकाचा नाही. अनेक जनुकं, वर वाढत्या वयातलं वजन, खेळणं, चढणं-उतरणं. म्हणून गालातली काडी इथे चालत नाही. पिल्लू गुबगुबीत करायची हौस इथे नडते. लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास आहे. भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचे सांधे जास्त काळ चांगले राहिले आणि त्यांच्यातले निम्मे १३ वर्षांपलीकडे जगले, भावंडांतले निम्मे ११.२ वर्षांपलीकडे. नॉर्वेतल्या एका पाहणीत तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना जिने चढवले तर धोका वाढल्याचं आणि मऊ जमिनीवर मोकळं सोडलं तर कमी झाल्याचं दिसलं. बादलला मी दोन महिन्यांचा असताना जिना शिकवला होता, पाहुण्यांना दाखवायला. त्याचे खुबे चांगले राहिले ते माझ्यामुळे नव्हे.

'निवड करून काय होतंय, हे रक्तातच आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण देतो. अमेरिकेत 'द सीइंग आय' ही १९२९ साली स्थापन झालेली संस्था अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करते. त्यांनी पैदाशीसाठी कुत्रे निवडताना केवळ त्या कुत्र्याचा नव्हे, तर त्याच्या भावंडांचा, पिल्लांचा, सगळ्या गोताचा एक्स-रे हिशेबात धरला. पाच पिढ्यांच्या आत त्यांच्या जर्मन शेफर्डमधला खुब्याचा दोष ५५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आला. हे १९९७ साली छापून आलेलं आहे. त्यांना ते करावंच लागलं, कारण ज्याचा पट्टा अंध माणसाच्या हातात आहे तो कुत्रा चौथ्या वर्षी फळीपाशी थांबून चालत नाही. भावंडांचा मुद्दा मला फार पटतो. स्वतः पास झालेला पण चार भावंडं नापास झालेला नर, आणि भावंडांसकट पास झालेला नर, यांत दुसरा कधीही बरा. कागदावरच्या किताबांतून ते कळत नाही.

बाकीच्या आजारांवर फार थांबत नाही. स्वादुपिंडाचा आजार: कुत्रा सारखा खातो आणि वाळत जातो, विष्ठा फिकी आणि ढीगभर. रक्ताच्या तपासणीत कळतो, खाण्यात पचनाच्या विकराची (एन्झाइमची) भुकटी मिसळली की बहुतेक सुधारतात, पण भुकटी जन्मभर. त्याच्यासाठी अजून डीएनए तपासणी नाही, तेव्हा आजारी कुत्र्याला पैदाशीत न घेणं हाच उपाय. पिट्यूटरी ग्रंथीचा बुटकेपणा: पिल्लू कायम पिल्लाएवढं आणि पिल्लाच्या मऊ केसांत राहतं. लोकांना ते गोजिरवाणं वाटतं, खरं तर ते फार दिवसांचं सोबती नसतं. त्याचं जनुक नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठात सापडलं, तपासणी आहे. शिवाय रक्त न गोठण्याचा आजार, जो ठणठणीत आईकडून मुलग्याकडे जातो. यादी याहून लांब आहे.

ओळखीच्या पैदास करणाऱ्यांशी बोललो की तीन उत्तरं मिळतात. 'आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही.' हे मीही म्हणायचो. 'विचारतं कोण?' हे मात्र खरं आहे, कोणी विचारत नाही. आणि तिसरं, 'आम्ही धंदा करत नाही, हौस म्हणून एकच वेत काढलं.' हे तिसरं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. धंदेवाल्याच्या नावावर तक्रार तरी येते. माझ्यासारखा हौशी माणूस एक नर लोकांच्या दारी नेऊन एकोणीस घरांत दोष पोचवून येतो आणि त्याला वाटतं आपण जातीवर उपकार केले. मादीचा मालक निदान आठ आठवडे पिल्लांची उस्तवार तरी करतो. नराचा मालक दोन दिवसांत मोकळा. म्हणून नराकडून जास्त तपासण्या मागाव्यात, असं माझं मत आहे. एका मादीपेक्षा एका नराची पिल्लं कितीतरी जास्त होऊ शकतात.

आता मागणी. कायदा व्हावा, परवाने यावेत, हे सगळं ठीकच, ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातात आहे ते एवढंच की पिल्लांच्या आणि नराच्या जाहिरातीचा मजकूर घेताना आपल्या माणसाने दोन प्रश्न विचारावेत: आईबापांच्या खुब्यांची श्रेणी काय? डीएमच्या अहवालात काय आलं? उत्तर नसेल तर तसं छापावं, 'तपासणी केलेली नाही.' जाहिरात नाकारा असं मी म्हणत नाही. वाचणाऱ्याला ते तीन शब्द दिसले तरी तो फोनवर पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि विचारणारे वाढले की काडी फिरवणारे वाढतील.

मजकूर कसा असावा याचा नमुना सोबत देतो:

'जर्मन शेफर्ड पिल्ले, वय ८ आठवडे. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे दोन वर्षे वयानंतरचे, श्रेणी ए व बी. डीएम: आई निर्दोष, वडील वाहक. अहवाल पाहायला मिळतील.'

जागेची अडचण सांगितली जाईल, म्हणून रविवारच्या चारही जाहिरातींतून 'चॅम्पियन रक्त', 'भारदस्त हाड' आणि 'फोटोसाठी संपर्क' एवढं काढून मी शब्द मोजून पाहिले. दोन ओळी आरामात बसतात.

आपला,
एक निवृत्त श्वान हँडलर